थ्री आयर्नची शिकवणी

मीरा रोड (पूर्व),
१२ ऑक्टोबर २०२३

॥ श्री ॥

चि. क्षितिजा हिस तिच्या बाबांचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठीक. पोस्टातून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. डॉक्टरांनी काही दिवस घशाला विश्रांती द्यायला सांगितली आहे. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. पावसाळ्यात आवाज बसला तो अजून उठलेला नाही, एवढंच. घोडबंदर रस्त्याच्या सरावाच्या रेंजवर इतकी वर्षं या टोकाकडून त्या टोकाकडे ओरडून गोल्फ शिकवलं, त्याचं दुसरं काय होणार! शिकवणी तूर्त बंद आहे. मोबाईलवर टाइप करायला गेलो तर माझं निम्मं वाक्य भलतंच होऊन जातं. म्हणून हे कागद-पेन.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. तुझ्या आईनेही पाहिला आणि विचारलं की पोरीच्या हातातली ही काठी एवढी का त्रास देतेय. मी पाटीवर लिहून तिला सांगितलं, की ही थ्री आयर्न, पिशवीतल्या लोखंडी क्लबांत जवळजवळ सगळ्यांत लांब, हिचा बॉलला लागणारा चेहरा जवळपास उभा, आणि चांगल्या चांगल्यांना ही जमत नाही. त्यावर ती म्हणाली, मग पोरीला दुसरी घेऊन द्या. तुलाही तेच हवं आहे हे मला ठाऊक आहे. ती जाड डोक्याची हायब्रिड सोपी आहे, नाही म्हणत नाही. पण जानेवारीत तुझी प्रो होण्याची पात्रता फेरी समुद्राकाठच्या कोर्सवर आहे. तिथे वारा असतो. हायब्रिडने बॉल उंच जाईल आणि वारा त्याला पाहिजे तिकडे नेऊन टाकेल. तुला खालून जाणारा बॉल मारता यायला हवा, आणि तो थ्री आयर्नने येतो.

तुझी चूक एकच आहे. खाली बघितलंस की तो उभा चेहरा दिसतो आणि तुला शंका येते, हा बॉल उडवणार कसा? मग तू स्वतःच त्याला उचलायला जातेस. वजन उजव्या पायावर अडकून राहतं, डावा खांदा वर येतो आणि ब्लेड बॉलच्या डोक्यावर बसतं. बॉल उडवणं तुझं कामच नाही. ते काम क्लब बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं आहे. तू फक्त वजन डाव्या पायावर येऊ दे आणि बॉलला पुढे पाठव. आठवडाभर एवढंच कर, बाकी काही नको.

जेवणात डाळ घेतेस ना? आई विचारते आहे. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे, हे जाणून असावे.

तुझा,
बाबा

बंगळुरू,
२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

ती. बाबांना, पाठ सरळ आणि गुडघे किंचित वाकवून शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं अक्षर एवढं सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं! रूममेट संचिता पत्र बघून म्हणाली की हे फ्रेम कर. तिच्या घरून तिला फक्त व्हॉट्सअपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात.

आज क्लबांची पूजा केली. थ्री आयर्नला झेंडूचं एक फूल जास्त वाहिलं, म्हटलं लाच घेत असेल तर बघू. घेत नाही. सकाळी मारायला गेले तर पहिले सगळे बॉल सशासारखे गवतातून पळाले. शेजारी एक अंकल होते, ते फार प्रेमाने म्हणाले की बेटी, आजकल कोई लाँग आयर्न नहीं मारता. मी म्हटलं, मेरे पप्पा मारते हैं. ते माझा पुढचा बॉल बघायला थांबले, आणि तोही ससाच निघाला, त्यामुळे जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

तुम्ही म्हणता ती शंका मला बरोबर त्या क्षणी येते. डोक्याला कळतं, खांद्याला कळत नाही. आणि अंतर लांब आहे म्हटल्यावर जोर काढावासा वाटतोच. मधूनच एखादा बॉल लागतो, तेव्हा हाताला काहीच लागल्यासारखं वाटत नाही आणि बॉल गेलेला असतो. पण तसा परत मारायला गेले की हमखास बिघडतो.

घशाचं नीट लिहा. काही दिवस म्हणजे किती? आई फोनवर फक्त बरं आहे, बरं आहे म्हणते आणि लगेच जेवणावर येते. मला टेन्शन आलंय. दिवाळीत स्पर्धा आहे म्हणून येता येणार नाही, याचं वाईट वाटतं. आईला सांगा, चकल्या पाठवल्यास तर संचितापासून लपवून ठेवीन.

रागावायचं असेल तर रागवा, पण लिहीत राहा.

तुमची,
क्षितू

मीरा रोड (पूर्व),
६ नोव्हेंबर २०२३

॥ श्री ॥

चि. क्षितिजाला अनेक आशीर्वाद, आणि तिच्या सशांनाही. वि. वि.

चकल्या आजच कुरिअर केल्या. हाटकेशच्या गुणवंतभाईंनीही एक फरसाणाचा पुडा त्यात घातला आहे. शिकवणी बंद असली तरी हे माझे जुने विद्यार्थी रोज संध्याकाळी घरी येऊन बसतात. त्यांचा गाळा जवळच आहे, कपाटं रंगवून वाळत टाकली की ते मोकळेच. मी पाटीवर लिहितो, ते मोठ्याने उत्तर देतात. बहिऱ्याशी बोलावं तसे बोलतात. मला ऐकू येतं हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आता दुसरा धडा. सगळा घोटाळा घाईचा आहे. लांब जायचं म्हणून तू वरून खाली येताना घाई करतेस. थ्री आयर्नचा दांडा लांब, त्याला फिरून यायला वेळ लागतो. तो वेळ त्याला दे. सात नंबरची आयर्न मारतेस त्याच चालीने हीही मार. उद्यापासून असं कर. बॉल अगदी बुटक्या टीच्या खुंटीवर ठेव, जागा मधोमध नाही, डाव्या टाचेच्या थोडी आत. आणि थ्री आयर्नने सात नंबरएवढ्याच अंतरावर मार. त्याहून लांब गेला तर तो बॉल चुकला असं समज. हसू येईल, पण करून बघ. हात सैल ठेव. मुठीत चिमणी धरल्यासारखं असं आमचे वस्ताद सांगायचे, मला ते कधी पटलं नाही, चिमणी कोण धरतं? तू छत्री धरतेस, वारा नसताना, तेवढ्या जोराने धर.

हळूहळू टी खाली आण. मग काढून टाक. अंतर आपोआप वाढेल. वाढलं की आनंदाने जोर काढू नकोस.

घशाचं चाललं आहे. तपासण्या होत असतात, डॉक्टर आपलं काम करतात. तू तिकडे लक्ष घालू नकोस. तुझं लक्ष बॉलवर. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लाव, परगावी आहेस म्हणून चुकवू नकोस.

आमची आठवण असू दे, काळजी नसू दे.

बाबा

मीरा रोड (पूर्व),
२० नोव्हेंबर २०२३

चि. क्षितू, आईचा तुझ्या गालावरून हात.

मी कधी पत्र लिहीत नाही, शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले लिहून हात दुखतो. पण हे फोनवर सांगता येईना. आपलं घर केवढं, तुला माहीत आहे. स्वयंपाकघरात बोललेलं बाल्कनीत ऐकू जातं, आणि हे दिवसभर घरात. म्हणून शाळेत बसून लिहितेय. दारावरच्या मंदाबाईंना सांगितलंय की जरा वेळ कुणाला आत सोडू नका.

घशाला विश्रांती दिली हे खरं आहे. पण ती घशातला तुकडा तपासायला काढला म्हणून. गाठ कॅन्सरची निघाली. आवाजाच्या पेटीत आहे आणि बाहेरच्या हाडापर्यंत गेली आहे, म्हणून नुसत्या किरणांच्या शेकाने भागणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. सबंध पेटी काढावी लागेल. ती काढली तर माणूस पुष्कळ वर्षं जगतो, असं ते म्हणाले. पण आवाज जातो. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा.

ह्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि घरी येऊन पाटीवर लिहिलं की क्षितूची फेरी झाल्यावर बघू. डॉक्टर म्हणतात जानेवारी फार लांब, एवढं थांबू नका. मी रडले, भांडले. गुणवंतभाईंनी समजावलं. हे ऐकत नाहीत. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे. ती मी आज मोडतेय.

खरं सांगू का, फेरी हे निमित्त आहे. परवा मी फारच बोलले, तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं की मुका माणूस कुणाला काय शिकवणार. लगेच पुसलं. पण मी वाचलं होतं.

तू धावत ये असं माझं म्हणणं नाही. खेळ सोड असंही नाही. पण तुझ्या बापाचा जीव आहे, आणि तुला अंधारात ठेवून मी तुझ्या चकल्या तळत बसावं हे मला जमणार नाही. माझं त्यांनी ऐकलं नाही, तुझं कदाचित ऐकतील. मोठी झालीस म्हणून लिहिलं.

सांभाळून राहा, आणि माझ्यावर माया कर, आत्ता मला तिची गरज आहे.

आई

बंगळुरू,
२४ नोव्हेंबर २०२३

ती. बाबांना नमस्कार.

आईने सगळं कळवलं. तिच्यावर चिडायचं नाही. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा, आणि तेही हे पत्र पूर्ण वाचून झाल्यावर.

काल पत्र मिळालं तेव्हा मी रेंजवर होते. वाचून बाकावर बसून राहिले. मग काय करावं सुचेना म्हणून उठले आणि थ्री आयर्न घेतली. बाबा, मी टी काढून टाकली आहे हे तुम्हाला अजून सांगायचं राहिलंय. या आठवड्यात ती लागतेय. नेहमी नाही, पण लागतेय. काल डोळ्यांत पाणी होतं, समोरचं धड दिसत नव्हतं, तरी लागली. बॉल खालून गेला, तुम्ही म्हणता तसा. दुसराही गेला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. हे मला कुणी शिकवलं? ऑगस्टमध्ये मी इकडे आले. तेव्हापासून थ्री आयर्नबद्दल तुमच्या तोंडचा एक शब्द मी ऐकलेला नाही. दोन पत्रं आली. एवढ्यावर मला पिशवीतला सगळ्यांत अवघड क्लब मारता यायला लागला. इथे तोंडाने शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून नाही आला. मुका माणूस कुणाला काय शिकवणार, असं तुम्ही लिहून पुसलंत म्हणे. मी त्याचं उत्तर देतेय. मला शिकवलंत.

अजून एक. लहानपणी बॉल मारला की तो पडायच्या आधी मी तुमच्याकडे मान वळवायचे. तुम्ही शाब्बास म्हणता की अगं घाई काय होती म्हणता, ते ऐकायला. बॉल कसा गेला ते मला तुमच्या आवाजावरून कळायचं. आता पत्र येईपर्यंत मलाच बघावं लागतं. आधी फार एकटं वाटलं. पण बघता यायला लागलं.

तुमचा आवाज गेला तर मला काही वाटणार नाही, असं खोटं मी लिहिणार नाही. मी खूप रडेन. काल रडलेच. पण तो आवाज असलेले बाबा थोडे महिने आणि आवाज नसलेले बाबा पुष्कळ वर्षं, यात मला विचारलंत तर मला दुसरे हवेत. माझ्या फेरीसाठी थांबू नका. तुम्ही थांबलात तर मी फेरीला उतरणार नाही. ही धमकीच आहे.

उत्तर लवकर द्या. दोन शब्दांचं चालेल.

क्षितिजा

मीरा रोड (पूर्व),
३० नोव्हेंबर २०२३

॥ श्री ॥

चि. क्षितिजा हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्या आईशी मी जेवण होईपर्यंत अबोला धरला. ज्याला बोलायचीच बंदी आहे त्याने अबोला धरला हे तिला कळलंच नाही. मलाच हसू आलं.

मग पुन्हा वाचलं. माझं कसं झालं होतं ते सांगतो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला मरणाची भीती वाटली नाही, कारण तिकडे मी बघतच नव्हतो. मी रेंजकडे बघत होतो. पोरं रांगेत उभी आहेत, बॉल मारताहेत, आणि मी मागे नुसता हात हलवत फिरतोय, असं डोळ्यांसमोर यायचं. आपल्या घरी येणारा माणूस पाच मिनिटांत उठून जाईल असं वाटायचं. लग्नाकार्यात मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवतील असं वाटायचं. मरणाबद्दल असं काही दिसत नव्हतं, म्हणून तेच बरं वाटत होतं. यात शहाणपण नव्हतं.

तू लिहिलंस ते मी गुणवंतभाईंना वाचायला दिलं. ते वाचून मोठ्याने म्हणाले की सर, तुम्ही बोलत होता तेव्हा तरी मला कुठे समजत होतं? तुम्ही माझं मनगट धरून फिरवायचात, तेव्हा समजायचं. मनगट तर जाणार नाही ना? या माणसाला इतकी वर्षं मी मंद समजत होतो.

होकार कळवला आहे. १४ डिसेंबरला ऑपरेशन. तू येऊ नकोस. सराव मोडू नकोस. आई आहे, गुणवंतभाई गाडी घेऊन येणार आहेत.

थ्री आयर्न लागू लागली म्हणतेस. आता वाऱ्यात मार. समोरचा वारा असला की माणूस हटकून जास्त जोराने मारतो, तिथे तू आणखी सावकाश मार. एवढंच राहिलं होतं.

मी घाबरलेलो आहे. पण जाणार आहे.

बाबा

विशाखापट्टणम,
१८ जानेवारी २०२४

ती. बाबांना आणि आईला नमस्कार. वि. वि.

निकाल तुम्हाला फोनवर कळलाच आहे. एका स्ट्रोकने प्रो होण्याचं कार्ड हुकलं. आई रडत होती आणि बाबांनी पाटीवर काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सगळं सविस्तर लिहितेय.

आधी डिसेंबरचं. तुम्ही येऊ नकोस म्हणालात तरी मी आले, त्याबद्दल माफी मागणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला बोलायची मोकळीक दिली, म्हणाले आता जपून काय करायचं. मला वाटलं होतं तुम्ही मला काही मोठं सांगाल. खेळाचं, आयुष्याचं. तुम्ही रत्नागिरीला आत्याला फोन लावलात आणि तिच्या म्हशीची चौकशी केलीत. मग आईला हाक मारलीत. ती आली तर म्हणालात, काही नाही. थोड्या वेळाने परत हाक मारलीत. आईही प्रत्येक वेळी ओल्या हाताने बाहेर येत राहिली, एकदाही वैतागली नाही. मग माझा जन्म झाला त्या दिवशी कांदिवलीच्या हॉस्पिटलात तुम्ही चुकून दुसऱ्याच मुलीला बघून आलात, ती गोष्ट सांगितलीत. ती मी शंभरदा ऐकली आहे. घोगऱ्या, फाटक्या आवाजात ऐकली तशी कधीच नव्हती ऐकली. बाबा, मी ते मोबाईलवर रेकॉर्ड करणार होते. नाही केलं. मला नुसतं ऐकायचं होतं.

आता खेळाचं. चारही दिवस वारा होता. शेवटच्या दिवशी सतरावं होल आलं तेव्हा मी कार्ड मिळायच्या बरोबर रेषेवर होते. लांब पार थ्री, एका फटक्यात ग्रीन गाठायचं, वारा तोंडावर, डावीकडे खाडी. माझ्यासोबतच्या दोघींनी मोठ्या डोक्याचा वुड काढला. एकीचा बॉल उंच जाऊन हवेत थांबल्यासारखा झाला आणि पाण्यात पडला. दुसरीचा उजवीकडे रेतीत. मी थ्री आयर्न काढली तेव्हा पिशवी उचलणाऱ्या माझ्या कॅडीने माझ्याकडे असं बघितलं की मी क्षणभर ती परत ठेवणार होते. ठेवली नाही. सावकाश मारली. सरावात मारते त्याहूनही सावकाश. हाताला काही जाणवलंच नाही. वर बघितलं तर बॉल खालूनच चालला होता, वाऱ्याच्या पोटाखालून, आणि ग्रीनच्या तोंडाशी पडून आत हिरवळीवर घरंगळत गेला. तिकडे कुणी ओरडलं नाही. फक्त वारा होता. मी मान वळवली नाही. तो थांबेपर्यंत बघत राहिले.

आणि मग अठराव्यावर, ग्रीनवर पोचूनही बॉल होलमध्ये घालायला मला तीन पट लागले. त्यात वाऱ्याचा, क्लबाचा, कुणाचाच दोष नाही. मीच घाई केली.

खोलीवर येऊन पुष्कळ रडले. आता बरी आहे. पुढच्या वर्षी परत उतरणार. मार्चपर्यंत इकडच्या स्पर्धा आहेत, मग घरी येते. आई, बाबांना वाफ द्यायची विसरू नकोस. तुम्हा दोघांचं प्रेम असंच पोटभर मिळत राहो.

तुमची,
क्षितू

मीरा रोड (पूर्व),
११ मार्च २०२४

चि. क्षितू, आईचे आशीर्वाद. हे माझं दुसरं पत्र, सवय लागली की काय कोण जाणे.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी करून परत उघडलं, परत वाचलं. मग पाटीवर लिहिलं की पटिंगचे धडे एप्रिलपासून, आणि ते समोर उभं राहून. गेल्या सोमवारपासून हे रेंजवर जायला लागलेत. गळ्याला पांढरा रुमाल बांधतात, धूळ आत जायला नको म्हणून. पहिल्या दिवशी मीही रजा टाकून गेले. दोनच जण आले होते. हे मागे जाऊन उभे राहिले. एका मुलीचा खांदा दाबला, तिच्या पायाशी काठी आडवी ठेवली, आणि टाळी वाजवून मारायला सांगितलं. ती पोरगी घाबरून होती. परत जाताना पाया पडली. हे गाडीत माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर बघत होते.

घरातलं मात्र अवघड आहे, तुला खोटं काय सांगू. मी हॉलमध्ये असले तर हे भांड्यावर चमचा वाजवतात. भांडण झालं की पाटीवर लिहीपर्यंत माझं बोलून होतं. प्रत्येक भांडण मीच जिंकते, आणि मला ते मुळीच आवडत नाही. झोप लागायच्या आधी हे काहीतरी बोलत असायचे. तेवढा वेळ मला अजून काढता येत नाही.

गळ्यात ती झडप बसवली आहे ना, भोकावर अंगठा दाबून बोलायची, तिचा सराव शिकवायला बाई येतात. महिनाभर नुसती हवा. हे कंटाळून अंगठा काढायचे. जेवणाचं तर विचारूच नकोस. श्वास नाकातून जात नाही म्हणून वास येत नाही. मी नाकाशी फोडणी दिली तरी यांना पत्ता नाही. लग्नापासून माझ्या प्रत्येक आमटीला नावं ठेवणारा माणूस, हल्ली पुढ्यात येईल ते खाली मान घालून जेवतो आणि ताट उचलून ठेवतो. मला वाटायचं, यांच्या जिभेचंही गेलं. अळणी झालं काय, खारट झालं काय, यांना सारखंच. मी विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

काल दुपारी जेवायला बसलो. मी पोळी वाढायला उठले तेवढ्यात मागून आवाज आला. जाड, खालून आल्यासारखा. मला वाटलं खुर्ची सरकली. वळून बघते तर यांचा अंगठा गळ्यावर, दुसरा हात आमटीच्या वाटीकडे, आणि कपाळाला तीच जुनी आठी. मला बघून त्यांनी परत दम घेतला आणि अगदी स्पष्ट म्हणाले, मीठ.

मी चव घेऊन बघितली. खरंच नव्हतं घातलं.

लवकर ये. दोघंही वाट बघतोय.

आई